पुण्यात नवीन आहात? आधी महिना बघा, मग गाव ठरवा

परभणीहून नोकरीसाठी पुण्यात आले त्याला आता सोळा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी यादी करून फिरायचे. मैत्रिणींनी सांगितलेली ठिकाणं एका वहीत लिहून ठेवली होती. सुट्टी मिळाली की वरचं एक घ्यायचं आणि निघायचं. नोव्हेंबरात भिगवणला गेले तर उजनी धरणाचं पाणी काठोकाठ भरलेलं, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) एकही नाही. मे महिन्यात कासच्या फुलांच्या पठारावर गेले तर नजर जाईल तिथवर तापलेला कातळ. ठिकाणं चांगलीच होती, माझे महिने चुकले होते.

त्यामुळे शिकायला, बघायला आणि हिंडायला कुठं जावं असं कुणी नवीन माणसानं विचारलं की मी आधी विचारते, कधी जाणार? पुण्याच्या भोवताली दर दीड-दोन महिन्यांनी वेगळं काहीतरी पिकतं, फुलतं, घडतं. ते त्या वेळीच गाठावं लागतं. मला सोळा वर्षांत जो क्रम जमला तो खाली देते.

पहिली पायरी: भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा

तिथी-वार छापलेलं कॅलेंडर घ्या, कारण इथल्या निम्म्या गोष्टी तिथीनं ठरतात आणि तारीख दर वर्षी सरकते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, तिथे पहिली खूण. दुसरी श्रावणावर, शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळांसाठी. मार्गशीर्षात चंपाषष्ठी, म्हणजे जेजुरी. पौष पौर्णिमा, पुन्हा जेजुरी. त्या सुमारास तिथे गाढवांचा बाजार भरतो आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक खरेदी-विक्रीला येतात. रंगपंचमीला बावधनचं बगाड, म्हणजे तिथली नवसाची यात्रा. हे बावधन वाईजवळचं, सातारा जिल्ह्यातलं. फोनवर नुसतं ‘बावधन’ टाकलं की पुण्यातलं उपनगर दिसतं, म्हणून वाईचं नाव जोडून शोधा.

बाकीच्या खुणा इंग्रजी महिन्यांवर करता येतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे, जुलैत भातलावणी, सप्टेंबरात कास, डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा, जानेवारीपासून रोहित, द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी, उन्हाळ्याच्या तोंडावर अंजीर. एवढं भिंतीवर लागलं की वर्षभराचं नियोजन निम्मं झालं.

दुसरी पायरी: पहिला महिना पेठांमध्येच काढा

गाडी काढून लांब पळायची घाई करू नका. मेट्रोनं कसबा पेठ स्टेशनवर उतरा आणि तांबट आळी विचारत चालत जा. थोडं अंतर गेलं की विचारावं लागत नाही, ठोक्यांचा आवाज रस्ता दाखवतो. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. हंडे, घंगाळी, पाणी तापवायचे बंब इथे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. आता शोभेच्या वस्तू, दिवे, पाण्याच्या बाटल्याही बनतात, पण हात तेच आहेत.

इथे बघायचं ते मठारकाम. पत्र्याला आकार दिल्यावर तांबट तो लोखंडी आधारावर धरतो आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं ठोक्याला ठोका लावत पूर्ण भांडं फिरवतो. भांड्यावर जे चकचकीत गोल दिसतात ते या ठोक्यांचे. ते नुसत्या सौंदर्यासाठी नसतात. तांबं मऊ असतं. ठोकल्यावर ते कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडंही पोचे न येता वर्षानुवर्षं टिकतं. जास्त ठोकलं तर मात्र तडकतं, म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून पुन्हा नरम करावं लागतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाजारात मशीनवर ठसे मारलेलं भांडं आणि हातानं मठारलेलं भांडं यांतला फरक तुम्हाला लांबूनच कळेल. मशीनचे ठसे एकसारखे, एका ओळीत असतात. हाताचे ठोके एकमेकांवर किंचित चढलेले असतात.

एका काकांनी मला हातोडी धरायला दिली होती. मी जोर लावला तर पत्र्यावर खळगा पडला. हातोडी मारायची नसते, मनगट सैल ठेवून पडू द्यायची असते, हे त्यांनी दाखवलं. पाच मिनिटांत मनगट भरून आलं. ते माझ्याशी बोलत बोलत सकाळपासून ठोकत होते.

तिथे जाताना रविवार टाळा, बऱ्याच कामाच्या जागा बंद असतात. सकाळी अकराच्या सुमारास जा. दारात उभं राहून फोटो काढत बसू नका. आधी बोला, काम बघा, मग विचारून फोटो घ्या. काही विकत घेणार असाल तर भाव वजनावर असतो हे लक्षात ठेवा. तांब्याच्या भांड्यात आंबट काही ठेवायचं असेल तर आतून कल्हई हवी, तेही तिथेच विचारून घ्या.

त्याच भागात कुंभारवाडा आहे. दिवाळीच्या आधी तिथे पणत्या आणि मातीच्या किल्ल्यांवर मांडायची चित्रं, म्हणजे मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज, यांचे ढीग लागतात. घरात लहान मूल असेल तर ऑक्टोबरातली एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा. अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला करणं ही पुण्यातल्या मुलांची खरी कार्यशाळा आहे, तिला फी लागत नाही. चाकावर मातीकाम शिकायचं असेल तर मुंढव्याजवळच्या केशवनगरमध्येही कुंभारांची मोठी वस्ती आहे.

दुसऱ्या शनिवारी शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी ते उभं केलं. राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा इथे घरातल्या वस्तू जास्त आहेत. अडकित्ते, समया, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दरवाजे, वाद्यं. तांबट आळी आधी पाहून इथे आलात तर प्रत्येक भांड्यामागचा हात दिसायला लागतो, म्हणून हा क्रम उलटा करू नका.

शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाजवळ हातकागद संस्था आहे. १९४० पासून तिथे सुती चिंध्यांपासून कागद बनतो, लाकडाचा लगदा वापरत नाहीत. आणि वाचनाची आवड असेल तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ. १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकारानं ते सुरू झालं आणि तिथे मोडी लिपीचे वर्ग चालतात. मी तो वर्ग केला आहे आणि पुण्यात शिकलेल्या सगळ्या गोष्टींत मला तो सगळ्यात वर ठेवावासा वाटतो. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं वळवत जातात. पहिले आठ दिवस सगळं सारखंच दिसतं. मग एके दिवशी एक शब्द सुटतो, ‘राजश्री’, आणि अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं पत्र तुमच्याशी बोलायला लागतं. घरी आजोबांच्या पेटीत मोडीतले जुने कागद पडून असतील तर ते सोबत आणा.

तिसरी पायरी: पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा

पुण्यात दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे कार्यशाळा असते. माती, विणकाम, वारली, ब्लॉक प्रिंटिंग, साबण, ब्रेड, सगळं. सगळ्याच चांगल्या असतात असं नाही. मी एकदा मातीकामाला गेले, दोन तासांत वाडगा केला आणि तो कधीच हातात आला नाही. न भाजताच टाकून दिल्याचं नंतर कळलं. तेव्हापासून मी आधी विचारते.

शिकवणारा माणूस हे काम रोज करतो का? एका वेळी किती जण असतील, आणि चाक असेल तर एका चाकामागे किती? साहित्य फीमध्ये धरलं आहे का? आणि केलेली वस्तू घरी कधी मिळेल? मातीची वस्तू आधी सावलीत पूर्ण सुकावी लागते, मग भट्टी भरेपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे दोन-तीन आठवडे लागतील असं कुणी सांगितलं तर तो माणूस खरं बोलतो आहे असं समजा. त्याच दिवशी भाजून देतो म्हणणाऱ्याकडे नीट चौकशी करा.

शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळेला जायचं तर नेमके कोणते दिवस निवडायचे हे महत्त्वाचं. गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर मूर्ती सुकणार नाही. किमान पंधरा दिवस आधी जा. मूर्ती खालून वर करत आणतात. पाट, मांडी, पोट, मग छाती, हात, डोकं आणि शेवटी सोंड. जोड देताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून पातळ शाडू लावायचा, नाहीतर सुकताना हात गळतो. पाणी जितकं कमी तितक्या भेगा कमी. उन्हात ठेवायची नाही, पंख्याखालीही नाही. विसर्जन बादलीत केलं की शाडू तळाला बसतो. वरचं पाणी झाडांना घालायचं आणि माती पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवायची. आमच्या घरी एकाच शाडूचे चार गणपती झाले.

कच्चं सामान घ्यायला कुठं जायचं हे नवीन माणसाला कळत नाही. कागद, रंग, ब्रशसाठी अप्पा बळवंत चौक. टोपल्या, सूप, बांबूच्या कामट्या हव्या असतील, म्हणजे आकाशकंदिलासाठी, तर बुरूड आळी.

चौथी पायरी: अर्ध्या दिवसाचं गाव, सासवड

शहराबाहेरची पहिली फेरी छोटी असावी. सासवड सुमारे तीस किलोमीटरवर आहे आणि पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, बस दिवेघाट चढून नेऊन सोडते. कऱ्हेकाठचं संगमेश्वर मंदिर, सोपानदेवांची समाधी आणि पुरंदऱ्यांचा वाडा हे सगळं सकाळच्या तीन तासांत आरामात होतं.

पण सासवडला मी फळांसाठी पाठवते. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. अंजीर झाडावरून उतरवलं की पुढे पिकत नाही आणि एक-दोन दिवसांत खराब व्हायला लागतं, म्हणून लांबच्या बाजारात जाणारा माल जरा आधीच काढावा लागतो. पूर्ण पिकलेलं, देठाशी मधाचा थेंब आलेलं अंजीर खायचं असेल तर बागेजवळच जावं लागतं. इथे दोन बहार घेतात, खट्टा आणि मिठा. हिवाळ्यात येतो तो खट्टा, उन्हाळ्याच्या तोंडावर येतो तो मिठा, आणि नावातच सगळं आलं. पावसाळ्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत सीताफळ. सासवडच्या बाजारात सकाळी लवकर गेलात तर पाट्याच्या पाट्या उतरताना दिसतील.

चालायची सवय करायची असेल तर सोनोरीजवळचा मल्हारगड घ्या. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी तो बांधला, आणि मराठेशाहीत सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. लहान आहे, चढ सोपा आहे, पहिल्या किल्ल्यासाठी नेमका. सावली मात्र जवळजवळ नाही, म्हणून दहाच्या आत खाली उतरा.

पालखीच्या दिवसांत हाच दिवेघाट चालत चढता येतो. माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री मुक्कामाला असते आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंगा विठोबाला. नंतर माउली सासवडकडे निघतात. एक दिवस त्यांच्यासोबत चाला. पहाटे निघा, जुन्या, पायाला सरावलेल्या चपला घाला, एक रेनकोट आणि पाण्याची बाटली पुरे. खाण्यापिण्याला रस्त्यात लोक हाताला धरून बोलावतात. दिंडीत शिरलात तर तिच्या शिस्तीत चाला, रांग तोडून पुढे जाऊ नका. परतीचं आधी ठरवा. त्या दिवशी दिवेघाट वाहनांना बंद असतो आणि गाड्या बोपदेव घाटातून कोंढव्याला येतात.

पाचवी पायरी: मुक्कामाचं गाव, वाई

वाईला लोक महाबळेश्वरला जाताना चहापुरते थांबतात. माझं म्हणणं उलट आहे, महाबळेश्वर राहिलं तरी चालेल, वाईला एक रात्र राहा. स्वारगेटहून महाबळेश्वरच्या एसटी वाईवरूनच जातात. खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला वळायचं. अडीच तास धरा.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसा. ढोल्या गणपतीचं मंदिर १७६२ साली पेशवाईतले सरदार रास्ते यांनी बांधलं. त्याची मागची भिंत मुद्दाम बघा. ती माशाच्या तोंडासारखी टोकदार आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं. पुढून नमस्कार करून परत फिरणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही. माघ-फाल्गुनाच्या सुमारास आळीआळीतून कृष्णाबाईचा उत्सव होतो. गाव आपल्या नदीला देवी मानून पाहुणचार करतं. मराठी विश्वकोशाचं कामही याच गावातून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली. एवढ्या छोट्या गावात एवढं मोठं काम कसं उभं राहिलं, हे घाटावर बसल्यावर थोडं समजतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्यामागे घाट आणि एका छोट्या देवळात टांगलेली प्रचंड घंटा. घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर ज्या पोर्तुगीज घंटा देशावर आल्या त्यांतली ही एक. माझ्याबरोबर आलेली भाची तिथे अर्धा तास उभी होती.

हिवाळ्यात गेलात तर पुढे पाचगणीच्या पलीकडे भिलार आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. घरोघरी खोल्यांत पुस्तकं मांडली आहेत, बसून वाचा, कुणी उठवत नाही. त्याच गावात स्ट्रॉबेरीची शेती. पुस्तक आणि द्रोणभर स्ट्रॉबेरी, दुपार जाते.

सहावी पायरी: जिथं वेळ चुकली तर सगळं चुकतं

भिगवण यातलं पहिलं. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं सुमारे शंभर किलोमीटर, तिथून डिकसळ किंवा कुंभारगाव. रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी धरून, चिखल गाळून खातो. पावसाळ्यानंतर उजनीचं पाणी पसरलेलं असतं तेव्हा त्याला उभं राहायलाच जागा नसते. पाणी ओसरून दलदल उघडी पडली की थवे उतरतात, म्हणून जानेवारी ते मार्च. आदल्या दिवशी नावाड्याला फोन करून पाणी कुठवर आहे ते विचारा. तुमच्या सगळ्या शोधाशोधीपेक्षा त्याचं एक वाक्य कामाचं. पहाटे साडेचारला पुणे सोडा, सूर्य वर यायच्या आत नावेत बसा, लाइफ जॅकेट घाला. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून नाव जवळ घालायला सांगू नका. उडालेल्या पक्ष्याचं खाणं तुटतं. परत आल्यावर नावाड्यांच्याच घरी मिळणारं मासळीचं जेवण जेवून निघा.

कास दुसरं. साताऱ्याच्या पुढे पंचवीस किलोमीटर, २०१२ पासून जागतिक वारसा. जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम असतो, म्हणून तिथल्या तेरड्याला, सीतेच्या आसवांना, गेंदाला पावसाच्या काही आठवड्यांतच उगवून, फुलून, बी धरून मोकळं व्हावं लागतं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, तेवढाच काळ. प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन आधी करा आणि एक दिवस रजा काढून आठवड्यात मधेच जा. रविवारी रांगेतच दिवस जातो.

काजवे वळवाच्या सरींनंतर आणि मोठा पाऊस लागण्याआधी दिसतात. भीमाशंकरच्या बाजूला, राजमाचीला. वनखात्याचे नियम आधी बघा, बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवा. काजव्यांचं लुकलुकणं ही जोडीदाराला घातलेली हाक असते, आपल्या उजेडात ती हरवते.

उत्तरेला नारायणगाव. फेब्रुवारीत द्राक्षं, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास जवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली होते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतांमधून उभ्या आहेत. मुलांना न्याच, फक्त तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातून येणारे संदेश फार क्षीण असतात. गुढीपाडव्याच्या आसपास त्याच गावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. तिथे गेलात तर कलावंतांशी आदरानं बोला. तिथून जुन्नर, शिवनेरी, नाणेघाट. त्याला दोन दिवस हवेत.

पावसाळ्याबद्दल

जून-जुलैत सगळं पुणे धबधब्याकडे पळतं. तुम्ही लोणावळ्याच्या लोकलनं कामशेतला उतरा. मावळात इंद्रायणी भाताची लावणी चालू असते. ओळखीतून एखाद्या शेतकऱ्याला विचारलंत तर चिखलात उतरून भाताची रोपं लावायला मिळतात. काका-मावशी सांगतील तसंच लावा, ती त्यांची वर्षाची भाकरी आहे. दुपारी त्यांच्याबरोबर बांधावर जेवा.

धबधब्याखाली, वाहत्या ओढ्यात, धरणाच्या सांडव्यावर उतरू नका. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दिसत नाही आणि पाणी काही मिनिटांत चढतं. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. जून २०२५ मध्ये तळेगावजवळच्या कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला. जिल्हाधिकाऱ्यांची बंदी असेल तर त्या दिवशी घरी भजी तळा.

निघताना

वाई, सातारा, सासवडकडची एसटी स्वारगेटहून. जुन्नर, नारायणगावची शिवाजीनगरहून, जे स्थानक आता वाकडेवाडीला आहे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आईला आणि आजीलाही घेऊन जाता येतं. सवलतीसाठी लागणारं ओळखपत्र मात्र जवळ ठेवा. सुटे पैसे ठेवा, घाटात नेटवर्क जातं. एक रिकामी कापडी पिशवी न्या. अंजीर असो, हुरडा असो की शाडू, तुम्ही रिकाम्या हातानं परत येणार नाही.